काटा खोटे सांगतो तेव्हा

विमान उडवणाऱ्या वैमानिकाला तीन गोष्टी सतत ठाऊक असाव्या लागतात: विमानाचा वेग किती आहे, ते किती उंचीवर आहे आणि ते कोणत्या बाजूला कललेले आहे. स्वच्छ दिवशी यांतले बरेचसे खिडकीतून बाहेर पाहून कळते. ढगात, धुक्यात किंवा अंधाऱ्या रात्री समुद्रावर बाहेर पाहण्याजोगे काहीच नसते. तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समोरच्या उपकरणांकडूनच मिळवावी लागतात. एखादे उपकरण साफ बंद पडले तर ते लवकर लक्षात येते. ते चालू राहून चुकीची माहिती देऊ लागले, तर धोका कितीतरी वाढतो, कारण खोटा आकडाही खऱ्या आकड्यासारखाच दिसतो. प्रवासी विमानवाहतुकीतले काही अत्यंत दुःखद अपघात असे घडले. त्यांतला एक मुंबईच्या किनाऱ्यालगत घडला. या अपघातांनी वैमानिकांचे शिक्षण, विमानांची रचना आणि उड्डाणाचे नियम बदलायला लावले.

शरीराच्या अंदाजाकडून उपकरणाकडे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या विमानांत उपकरणे जवळजवळ नव्हतीच. उघड्यावर बसलेला वैमानिक तोंडावर येणारा वारा, ताणलेल्या तारांचा आवाज आणि बैठकीवर जाणवणारा दाब यांवरून वेगाचा नि कलाचा अंदाज बांधी. राइट बंधू विमानाच्या पुढच्या भागी दोरीचा तुकडा बांधत. तो एका बाजूला वाकला की विमान तिरके घसरत असल्याचे कळे. जमीन आणि क्षितिज दिसत असेपर्यंत एवढे पुरत होते.

ढगात शिरल्यावर मात्र अनुभवी वैमानिकांचाही तोल जाई. याचे कारण माणसाच्या कानात आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळण्याची सुरुवात आणि शेवट ओळखतो. वळण एकसारखे चालू राहिले, तर थोड्याच वेळात तो स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. मग कललेले विमान हळूहळू खाली येऊ लागते. उंची कमी होत असल्याचे पाहून वैमानिक नाक वर ओढतो. विमान कललेलेच असल्याने ते वर न जाता आणखी आवळून वळते. पहिल्या महायुद्धानंतर टपाल नेणारे कित्येक वैमानिक ढगात आणि धुक्यात बळी पडले.

अमेरिकी लष्करातील वैमानिक विल्यम ओकर यांनी या भ्रमाचा माग घेतला. १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर डॉ. डेव्हिड मायर्स यांनी त्यांना डोळे झाकून फिरत्या खुर्चीवर बसवले. खुर्ची कोणत्या दिशेने फिरते आहे आणि कधी थांबली, हे ओकर यांच्यासारख्या मुरलेल्या वैमानिकालाही बरोबर सांगता आले नाही. त्यांनी तीच खुर्ची शिक्षणाचे साधन केली. शरीराची संवेदना आणि उपकरण यांत विरोध दिसला तर उपकरणाचे ऐकायचे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी ही शिकवण प्रत्यक्षात उतरवली. त्यांच्या बैठकीवर अपारदर्शक आच्छादन होते. बाहेरचे काहीही न पाहता त्यांनी उड्डाण केले, ठरलेला फेरा घेतला आणि विमान परत उतरवले. गरज पडल्यास विमान हाती घेण्यासाठी लेफ्टनंट बेन केल्सी दुसऱ्या जागी बसले होते, पण ती वेळ आली नाही. एल्मर स्पेरी यांच्या कंपनीने बनवलेले कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक आणि कोल्समन यांचा संवेदनशील उंचीमापक ही त्या विमानातली नवी उपकरणे होती. पुढे १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे दिसणे बंद करून उडवायला लावले, तेव्हा सर्वांचाच विमानावरचा ताबा सुटला. त्यासाठी सरासरी १७८ सेकंद पुरले.

उपकरणांवर विश्वास ठेवणे हा अशा रीतीने वैमानिकाचा पहिला धर्म ठरला. याच धर्माने पुढे एक नवा प्रश्न उभा केला: उपकरणच चुकले तर?

नळी, भोक आणि भोवरा

कॉकपिटमधली मूळ उपकरणे दोन वेगळ्या तत्त्वांवर चालतात. वेग आणि उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते, तर विमानाचा कल गायरोस्कोपवरून, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या चक्रावरून कळतो. पुढे गायरोस्कोपच्या जागी लेझरवर चालणारी साधने आली, तरी हा भेद कायम राहिला.

वेग मोजणारी नळी विमानापेक्षा खूप जुनी आहे. फ्रेंच अभियंता आंरी पिटो यांनी १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती वापरली. विमानाच्या नाकाजवळ किंवा पंखाखाली बसवलेल्या या नळीचे तोंड पुढे असते. समोरून येणारी हवा तिच्यात दाब निर्माण करते. विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकांतून, म्हणजे स्टॅटिक पोर्टमधून, आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब मिळतो. दोन्हींतल्या फरकावरून वेग निघतो आणि एकट्या स्थिर दाबावरून उंची.

या साधेपणातच धोका दडलेला आहे. नळीचे तोंड आणि पाणी निचरण्याचे भोक दोन्ही बुजले, तर नळीत आधीचा दाब कोंडून राहतो. विमान वर जाऊ लागले की बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो आणि प्रत्यक्ष वेग तेवढाच असूनही काटा वाढता वेग दाखवतो. वैमानिकाला वाटते, विमान फार जोरात चालले आहे. तो नाक आणखी वर करतो, खरा वेग आणखी घटतो आणि काटा आणखी चढतो. स्टॅटिक पोर्ट बुजले तर उंची जागच्या जागी थबकते आणि वेगही चुकीचा येतो. वेग फार घटला आणि पंखांवर येणाऱ्या हवेचा कोन फार वाढला की पंखांना उचल धरता येत नाही. यालाच स्टॉल म्हणतात. त्यातून सुटण्यासाठी नाक खाली घ्यावे लागते. वेग जास्त आहे असे मानणारा वैमानिक नेमके तेच करत नाही.

१ डिसेंबर १९७४ रोजी हे सारे न्यूयॉर्कच्या आकाशात घडले. नॉर्थवेस्ट कंपनीचे बोइंग ७२७ एका फुटबॉल संघाला आणण्यासाठी बफेलोकडे रिकामे निघाले होते. पिटो नळ्या गरम ठेवणाऱ्या हीटरची बटणे उड्डाणापूर्वी चालू केलेली नव्हती. सुमारे १६,००० फुटांवर नळ्या बर्फाने बुजल्या आणि वेगाचा काटा चढू लागला. वैमानिकांनी नाक वर घेत नेले. स्टॉलची सूचना म्हणून विमान चालवण्याचा दांडा थरथरू लागला, तेव्हा ती थरथर अतिवेगाची आहे असा त्यांचा समज झाला. २४,८०० फुटांवरून विमान कोसळले आणि ८३ सेकंदांत जमिनीवर आदळले. तिघेही कर्मचारी मृत्युमुखी पडले. पिटोचा हीटर बंद असेल तर कॉकपिटमध्ये तसा दिवा लागलाच पाहिजे, असा नियम पुढे अमेरिकेत झाला.

वांद्र्यासमोरचा अपघात

त्यानंतर तीन वर्षांनी दोष आला तो दुसऱ्या प्रकारच्या उपकरणात. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान मुंबईहून दुबईला निघाले. १९७१ साली ताफ्यात आलेले हे एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७. त्यात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. विमानाने धावपट्टी सोडून समुद्र ओलांडायला सुरुवात केली, किनाऱ्यापाशी थोडे उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज मात्र सरळ झाले नाही. विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे ते दाखवत राहिले.

बाहेर रात्र होती, खाली काळा समुद्र होता, क्षितिजाची रेघ कोठेच नव्हती. कप्तानाने तो खोटा उजवा कल मोडण्यासाठी विमान डावीकडे वळवले. ते खरोखरच डावीकडे कलू लागले आणि कलतच गेले. आपले उपकरण बिघडल्याचे कप्तान बोलून गेला, तेव्हा सहवैमानिकाने आपलेही तसेच झाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात सहवैमानिकाचे उपकरण विमानाचा वाढता डावा कल बरोबर दाखवत असावे. मधोमध तिसरे, राखीव कृत्रिम क्षितिज होते. कप्तानाच्या बिघडलेल्या उपकरणावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनिअरने बजावल्याचे ध्वनिमुद्रणात आहे. पण तोवर वेळ संपली होती. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

चौकशीत दोन गोष्टी एकत्र मांडल्या गेल्या. कप्तानाचे क्षितिजदर्शक बिघडल्याने त्याला विमानाच्या स्थितीची कल्पना राहिली नाही, आणि उरलेल्या उपकरणांच्या आधारे कर्मचाऱ्यांना विमान सावरता आले नाही. यंत्राची चूक आणि माणसाची चूक यांना इथे एकमेकांपासून तोडता येत नाही. डूलिटलच्या काळापासून वैमानिकाला समोरचे क्षितिज मानायला शिकवले होते. ते क्षितिज फितूर झाल्यावर काही सेकंदांत दुसऱ्याकडे नजर कशी न्यायची, हे तितक्या आग्रहाने शिकवलेले नव्हते. दोन घड्याळे वेगळी वेळ दाखवत असतील तर कोणते चुकले ते कळत नाही, तिसरे पाहावे लागते. कॉकपिटमध्ये ते तिसरे होते, पण ते पाहण्याची सवय रक्तात भिनलेली नव्हती.

असाच प्रसंग जवळजवळ बावीस वर्षांनी पुन्हा घडला. २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून कोरियन एअरचे मालवाहू बोइंग ७४७ रात्री निघाले. कप्तानाच्या क्षितिजदर्शकातला दोष आधीच्या फेरीतच दिसला होता, पण दुरुस्तीत तो गेला नव्हता. दोन्ही बाजूंच्या उपकरणांत तफावत असल्याचा इशारा वारंवार वाजला. फ्लाइट इंजिनिअरने कल वाढत असल्याचे सांगितले. सहवैमानिक मात्र गप्प राहिला. सुमारे ५५ सेकंदांत विमान कोसळले आणि चौघांचा अंत झाला. तफावत दाखवणारी यंत्रणा बसवली म्हणजे काम भागले, असे नाही. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला स्पष्ट शब्दांत अडवले पाहिजे, हे या अपघाताने दाखवून दिले. कर्मचाऱ्यांतल्या संवादाच्या शिक्षणात हा अपघात आजही अभ्यासला जातो.

१९९६: दोन बोइंग ७५७

१९९६ साली आठ महिन्यांच्या अंतराने दोन बोइंग ७५७ एकाच कारणाच्या दोन रूपांनी नष्ट झाली. ६ फेब्रुवारीच्या रात्री डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाताहून बर्गनएअरचे विमान जर्मनीकडे निघाले. ते काही आठवडे जमिनीवर उभे होते आणि त्या काळात त्याच्या पिटो नळ्यांवर आच्छादने नव्हती. कप्तानाची नळी बहुधा चिखलाचे घरटे करणाऱ्या गांधीलमाशीने बुजवली असावी, असे तपासात मानले गेले.

धावपट्टीवर धावतानाच कप्तानाचा वेगदर्शक चालत नसल्याचे लक्षात आले होते, तरीही उड्डाण थांबवले नाही. विमान वर चढू लागताच तो काटा जिवंत झाल्यासारखा वाढू लागला आणि अतिवेगाचा इशारा झाला. ऑटोपायलटला वेगाचा आकडा कप्तानाच्याच बाजूकडून मिळत होता. त्यामुळे त्यानेही नाक वर केले आणि इंजिनांचा जोर कमी केला. सहवैमानिकाचा काटा घटता वेग दाखवत होता आणि तोच खरा होता. एकाच वेळी अतिवेगाचा आणि स्टॉलचा असे दोन परस्परविरोधी इशारे वैमानिकांच्या कानावर पडत होते. विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि १८९ जण मृत्यू पावले.

२ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर पेरूची राजधानी लीमाहून एअरोपेरूचे विमान चिलीतल्या सान्तियागोकडे निघाले. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढायची राहून गेली होती. पट्टी विमानाच्या चकचकीत पत्र्याच्याच रंगाची असल्याने तपासणीतही नजरेतून सुटली. उड्डाण होताच वेग आणि उंची दोन्ही चुकू लागल्या आणि एकामागून एक इशारे वाजू लागले.

वैमानिकांनी लीमाच्या नियंत्रण कक्षाकडे आपली उंची विचारली. तिथल्या पडद्यावर ९,७०० फूट दिसत होते. पण तो आकडा विमानानेच पाठवलेला होता, त्याच बुजलेल्या भोकांवरून काढलेला. बाहेरची साक्ष समजून जे घेतले, ते विमानाच्याच खोट्या साक्षीचे प्रतिबिंब होते. रेडिओ लहरींनी थेट खालच्या पृष्ठभागापासूनचे अंतर मोजणारी यंत्रणा मात्र जमीन जवळ आल्याचा इशारा देत होती. ती हवेच्या दाबावर अवलंबून नसल्याने खरे बोलत होती. उंचीचा काटा हजारो फूट दाखवत असल्याने तिच्यावर विश्वास बसला नाही. डाव्या पंखाचे टोक पाण्याला लागले आणि काही वेळात विमान प्रशांत महासागरात पडले. ७० जणांपैकी कोणीही वाचले नाही.

या अपघातातून एक महत्त्वाचे तत्त्व पक्के झाले: पडताळणीसाठी घेतलेली माहिती वेगळ्या उगमातून आलेली असली पाहिजे. तीन काटे एकच आकडा दाखवत असतील, पण तिघांचे मूळ एकच असेल, तर ती एकच साक्ष ठरते.

अटलांटिकवरची चार मिनिटे

१ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे एअरबस ए ३३० अटलांटिकवरच्या वादळी पट्ट्यात ३५,००० फुटांवर होते. तिथल्या बर्फकणांनी त्याच्या पिटो नळ्या थोडा वेळ बुजल्या. ऑटोपायलट सुटला आणि विमान दोन सहवैमानिकांच्या हाती आले. कप्तान विश्रांतीसाठी गेला होता. वेगाचे आकडे एका मिनिटाच्या आतच पुन्हा नीट येऊ लागले. पण तेवढ्यात विमान चालवणाऱ्याने नाक वर घेतले होते आणि विमान जवळजवळ ३८,००० फुटांवर चढून स्टॉलमध्ये गेले होते.

स्टॉलचा इशारा सलग ५४ सेकंद वाजला. वेग फारच घटला की संगणक तो आकडा अग्राह्य मानून इशारा बंद करी. नाक खाली घेताच वेग वाढून इशारा पुन्हा सुरू होई. योग्य कृती केली की धोक्याचा आवाज सुरू व्हायचा आणि चुकीची केली की थांबायचा. कप्तान परत आला, पण परिस्थिती उलगडली नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून सव्वाचार मिनिटांच्या आसपास विमान समुद्रावर आदळले. २२८ जणांचा मृत्यू झाला. सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रतळावरून ब्लॅक बॉक्स २०११ मध्ये मिळाले आणि २०१२ मध्ये फ्रेंच तपास यंत्रणेने अंतिम अहवाल दिला.

ऑटोपायलटच्या सवयीने वैमानिकांचा हाताने उडवण्याचा सराव, विशेषतः अति उंचीवरचा, किती कमी झाला आहे हे या अहवालाने जगासमोर ठेवले. नळ्या बदलण्यात आल्या आणि शिक्षणही बदलले. अमेरिकेने २०१३ मध्ये केलेल्या नियमानुसार वैमानिकांना पूर्ण स्टॉल आणि बेभरवशाचा वेग यांचा सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष सराव सक्तीचा झाला.

संगणक खोटे ऐकतो तेव्हा

आधुनिक विमानात उपकरणाची माहिती वैमानिकाच्या डोळ्यांकडे जाते तशी थेट संगणकाकडेही जाते. बोइंग ७३७ मॅक्समध्ये नाक आपोआप खाली करणारी एक यंत्रणा होती. पंखांवर येणाऱ्या हवेचा कोन मोजणाऱ्या एकाच संवेदकावर ती विसंबून होती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान या संवेदकाच्या चुकीच्या आकड्यामुळे कोसळले. दोन्हींत मिळून ३४६ जण मरण पावले. त्यानंतर जगभर हे विमान जमिनीवर बसवले गेले. सुधारणा करताना दोन्ही बाजूंच्या संवेदकांची तुलना करणे यंत्रणेला बंधनकारक केले. एका साक्षीवर निकाल देऊ नये, हा कॉकपिटमधला नियम संगणकालाही लागू करावा लागला.

आजची कार्यपद्धती

आजच्या प्रवासी विमानात वेग, उंची आणि कल यांची माहिती देणारे तीन स्वतंत्र मार्ग असतात: कप्तानाचा, सहवैमानिकाचा आणि राखीव. टेकऑफसाठी धावताना बोइंगमध्ये ८० नॉट वेगाला दोघांचे आकडे जुळतात का, हे मोठ्याने सांगून पाहिले जाते. या टप्प्यात तफावत दिसली तर विमान धावपट्टीवरच थांबवता येते.

हवेत वेग बेभरवशाचा वाटला, तर काही कामे पुस्तक न उघडता पाठ म्हणून करायची असतात. ऑटोपायलट आणि इंजिनांचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा आधी बंद करायची, कारण तीही खोट्या आकड्यावर चालत असू शकते. मग ठरावीक कल आणि ठरावीक जोर धरून ठेवायचा. एअरबसमध्ये उड्डाणानंतरच्या सुरुवातीच्या टप्प्यात नाक १५ अंश वर आणि पूर्ण जोर, नंतर १०,००० फुटांखाली १० अंश आणि चढाईचा जोर, त्यावर ५ अंश, असे आकडे सांगितलेले असतात. बोइंग ७३७ मध्ये पंखांचे फ्लॅप आत असताना ४ अंश आणि इंजिनाचा वेग ७५ टक्के, फ्लॅप बाहेर असताना १० अंश आणि ८० टक्के. नाकाचा कल गायरोकडून आणि जोर इंजिनाकडून कळतो. दोहोंचा पिटो नळीशी संबंध नाही. म्हणून त्यांची जोडी ठरावीक राखली तर वेगाचा काटा न पाहताही विमान सुरक्षित वेगात राहते. त्यानंतर सावकाशीने, तीन मार्गांपैकी कोणता चुकला हे तपासता येते.

या पद्धतीची खरी कसोटी १८ जुलै २०१८ रोजी लागली. ब्रिस्बेनहून क्वालालंपूरला निघालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एअरबस ए ३३० च्या पिटो नळ्यांवर आच्छादने तशीच राहून गेली होती. त्या विमानतळावर गांधीलमाशा नळ्यांत घरटी करतात, म्हणून ती घातलेली होती. विमान उडाले, तेव्हा वेगाची एकही खरी नोंद मिळत नव्हती. वैमानिकांनी हवेच्या दाबाची माहिती देणाऱ्या यंत्रणा बंद केल्या. त्यानंतर पंखांवरच्या हवेच्या कोनावरून सुरक्षित वेगाचा पट्टा दाखवणारी राखीव यंत्रणा सुरू झाली. तिच्या आणि इंजिनाच्या जोराच्या आधारे त्यांनी विमान परत सुखरूप उतरवले. कोणीही जखमी झाले नाही.

इतका प्रवास झाला तरी पहिला प्रतिबंध अजूनही जमिनीवर आहे. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून नळ्या मोकळ्या आहेत, भोकांवर काही चिकटलेले नाही आणि लाल फिती लावलेली आच्छादने निघाली आहेत, हे वैमानिकाने आणि देखभाल कर्मचाऱ्याने स्वतः डोळ्यांनी पाहणे, हे आजही कार्यपद्धतीतले पहिले पाऊल आहे. हवेत गेल्यावर एका काट्याची सत्यता दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने तपासणे, शंका असेल तर विमानाचा कल आणि इंजिनाचा जोर यांवर ठाम राहणे आणि सहकाऱ्याने बोललेले ऐकून घेणे, ही तीन कामे प्रत्येक वैमानिकाच्या सरावात कायम ठेवली जातात.